आधी हात शिकवा, मग हौद बांधा

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना पाण्यातले व्यायाम द्यावेत की नाही, यावर आपल्या बेळगाव भागात सध्या जो वाद चालतो, त्यात बाळ सोडून सगळे आहेत. एका गटाच्या मोबाइलवर पुण्या-बंगळूरुच्या ‘बेबी स्पा’चे व्हिडिओ फिरतात. निळ्या टबात गळ्याला फुगवलेलं कडं लावून तरंगणारं गुबगुबीत बाळ आणि खाली बदामांची रांग. हे बेळगावात का नाही, सरकारी दवाखान्यात असा हौद का नाही, असा त्यांचा सवाल. दुसरा गट म्हणतो, असली थेरं कशाला? आपल्या आज्या-पणज्यांनी न्हाणीत पाय लांब करून जे केलं, तीच खरी थेरपी. तिसरा गट शिकलेल्यांचा. तो दोघांनाही झटकून टाकतो: बाळ काचेतून बाहेर आलं, वजन वाढतंय, आता होईल सगळं आपोआप. आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी गाडी सीमाप्रश्नावर नेतो, मग तर बोलायलाच नको.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कमी दिवसांच्या बाळाच्या हालचालींकडे लक्ष द्यायला हवं, लवकर द्यायला हवं आणि निदान दोन वर्षं देत राहायला हवं. पाण्यातला व्यायाम हे त्यातलं एक साधन. चांगलं साधन, पण पहिलं नव्हे आणि मुख्य तर नव्हेच. सरकारी पैसा आधी खर्च व्हावा तो बाळाला रोज उचलणाऱ्या, पाजणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या हातांना शिकवण्यावर. आणि शिकवणारं माणूस त्या घरच्या उंबऱ्यापर्यंत, त्या घरच्या भाषेत पोचवण्यावर. हौद बांधायचा तर त्यानंतर बांधा.

प्रश्न लहान नाही. सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं ते कमी दिवसांचं बाळ. जगात २०२० साली अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यांतली ३० लाखांहून अधिक एकट्या भारतात. कुठल्याही देशापेक्षा जास्त. ‘सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’ असं आपल्याकडे अजून म्हणतात. (ही समजूत आपलीच आहे असं कुणी समजू नये, हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी आठव्या महिन्याच्या बाळावर चक्क एक प्रकरण लिहून ठेवलंय. तीही चुकीचीच होती.) आज बत्तिसाव्या आठवड्याचं, अठ्ठाविसाव्याचंही बाळ चांगल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, जगतं. जगेल का, हा प्रश्न मागे सरला तसा ते मान कधी धरेल, बसेल कधी, चालेल कसं, हा पुढे आला. यातली बहुतेक बाळं छान वाढतात, हे ठासून सांगायला हवं, कारण काचेतून आलेल्या बाळाकडे शेजारपाजार ज्या नजरेने बघतो ती नजर आईला आधीच खात असते. तरीही जितके दिवस कमी तितका सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडण्याचा, धोका जास्त; आणि ती नसली तरी तोल, पकड, लिहिताना बोटांचा ताबा यांत ही मुलं मागे पडण्याची शक्यता जास्त, हे नाकारता येत नाही.

आता हालचालींचा संबंध दिवसांशी कसा, हे समजून घेतल्याशिवाय पाणी आणि तेल यांवर भांडण्यात अर्थ नाही. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत गर्भाशयात जागा कमी पडते, बाळ मुटकुळं करून राहतं. गुडघे पोटाशी, हात छातीशी. त्या अडचणीतच स्नायूंना वळण लागतं. लवकर बाहेर आलेल्या बाळाला हे वळण मिळतच नाही. सपाट गादीवर, नळ्या-वायरींच्या जंजाळात ते बेडकासारखे पाय फाकून, खांदे मागे टाकून आठवडेच्या आठवडे पडून राहतं. मग घरी आल्यावर ते मान मागे ताणतं आणि घरचे कौतुकाने सांगतात, “बघा, आत्तापासून मान धरायला लागलं!” तो धरलेपणा कित्येकदा ताठरपणा असतो. उलट दोन महिने आधी जन्मलेलं बाळ आठव्या महिन्यात बसलं नाही की घर घाबरतं. खरं तर त्याचं वय सहाच महिने मोजायला हवं. पहिली दोन वर्षं जन्मतारखेऐवजी ठरलेल्या तारखेपासून वय (‘सुधारित वय’ म्हणतात ते हेच) धरायचं, एवढी साधी गोष्टही किती घरांत सांगितली जाते? जिथे घाबरायचं तिथे कौतुक आणि जिथे धीर धरायचा तिथे घबराट, अशी आपली अवस्था आहे. ती हौदाने सुधारणार नाही.

पाण्याची बाजू मात्र पोकळ नाही. पाणी शरीराचा भार उचलतं, त्यामुळे गादीवर जो पाय उचलला जात नाही तो पाण्यात हलतो. कोमट पाण्यात ताठर स्नायू सैलावतात. ब्राझीलमध्ये एनआयसीयूतल्या मोजक्या बाळांना पाण्यातली फिजिओथेरपी दिली तेव्हा त्यांची झोप सुधारली, वेदनेच्या खुणा कमी झाल्या. नॉर्वेतल्या एका छोट्या अभ्यासात, तान्हेपणी आईबापांसोबत पोहायला नेलेली मुलं चार-एक वर्षांची झाल्यावर तोल आणि पकड यांत सरस दिसली. इतिहासही पाण्याच्या बाजूने साक्ष देतो. १९२१ साली पोलिओने कमरेखाली लुळा पडलेला, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला फ्रँकलिन रूझवेल्ट १९२४ मध्ये जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट झऱ्यांत उतरला, पाण्यात त्याला उभं राहता आलं, आणि दोन वर्षांत त्याने ती जागाच विकत घेतली. तो पुन्हा आपल्या पायांवर कधीच नीट चालला नाही. पण त्या जागी शिकलेले थेरपिस्ट जमले, पोलिओचे रुग्ण जमले, आणि त्यातूनच पुढे १९३८ साली पोलिओविरुद्ध राष्ट्रीय संस्था उभी राहिली. लस आल्यावर तीच संस्था, ‘मार्च ऑफ डाइम्स’ या नावाने, जन्मजात दोषांकडे आणि नंतर कमी दिवसांच्या बाळांच्या प्रश्नाकडे वळली. पाण्याने रूझवेल्टचे पाय परत दिले नाहीत. पाण्याभोवती जमलेल्या माणसांनी जे काम केलं ते मात्र टिकलं.

आणि हे ब्राझील-नॉर्वेचे दाखले जरा जवळून पाहा. ब्राझीलची बाळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि पाहिलं ते झोप आणि वेदना. मान, बसणं, चालणं नव्हे. नॉर्वेची मुलं कमी दिवसांची नव्हतीच. मग या आधारावर ‘पाण्याने बाळ लवकर चालतं’ अशी पाटी लावणाऱ्याला आपण काय म्हणायचं? शिवाय पाणी हवेपेक्षा वीसेक पट वेगाने अंगातली ऊब ओढतं, आणि ओल्या अंगावरचं पाणी उडताना उरलेली नेतं. कमी दिवसांच्या बाळाची कातडी पातळ, चरबी नाहीच. गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही, साखर उतरते, आणि कमावलेलं वजन गमावतं. बेळगावच्या डिसेंबरात हा धोका पुस्तकी राहत नाही.

गळ्यातल्या त्या कड्याबद्दल तर हातचं राखून बोलायची गरजच नाही. औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने जून २०२२ मध्ये स्पष्ट इशारा दिला: असली कडी बाळांना लावू नका, आणि वाढीत मागे असलेल्या किंवा विशेष गरजा असलेल्या बाळांना तर मुळीच नको. एक बाळ दगावलं होतं. म्हणजे ज्यांच्यासाठी ‘थेरपी’ म्हणून हे विकलं जातं, धोका नेमका त्यांनाच जास्त. गंमत अशी की अपंग मुलांना पाण्यात शिकवण्याची जी पद्धत जगभर मानली जाते ती हॅलिविक पद्धत, १९४९ साली लंडनमध्ये जेम्स मॅकमिलनने सुरू केलेली, ती तरंगवणारी साधनं वापरतच नाही. एका मुलाला एक माणूस, आणि आधार फक्त त्या माणसाच्या हातांचा. कड्यात लटकलेलं बाळ काय शिकतं? मान सांभाळणं हेच तर त्याचं पहिलं काम, आणि तेच आपण रबराला देऊन टाकलं.

आता न्हाणीकडे. तेलमालिशीला नावं ठेवणारे डॉक्टर हल्ली कमी झालेत, आणि ते योग्यच आहे. मुंबईत सायनच्या रुग्णालयात झालेल्या, २००५ साली छापल्या गेलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने चोळलेल्या बाळांचं वजन अधिक वाढलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ च्या शिफारशींत कमी दिवसांच्या बाळाच्या अंगाला तेल लावण्याचा विचार करावा, असं म्हटलंय. पण आजीच्या बाजूचा खरा मुद्दा तेल नाहीच, तो तिच्या नडगीवर आहे. खानापूर तालुक्यातल्या एका घरात मी हे जवळून पाहिलं. चुलीवरच्या हंड्यातलं पाणी, पाटावर बसलेली म्हातारी, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलेलं, आणि दोन्ही नडग्यांच्या मधल्या खळगीत पालथं घातलेलं बाळ. पाठीवरून तेलाचा हात खाली आला की बाळ मान उचलायची धडपड करी, जरा उचली, परत टेकवी. फिजिओथेरपिस्ट ज्या पालथं घालण्यासाठी आईच्या मागे लागतात ते हेच, आणि तेही जिवंत, ऊबदार, उतरत्या पृष्ठभागावर. मग तिने बाळाला उताणं केलं, दोन्ही हात छातीवर एकमेकांवरून नेले, आणले. तेही उत्तम, मागे पडलेले खांदे पुढे आणायचा याहून साधा व्यायाम कुठला? इथवर पुस्तकात छापावं असं. पुढे तिने नाकात तेलाचे थेंब सोडायला बोट बुडवलं, आणि झाल्यावर पाय धरून बाळाला उलटं लोंबकळवायच्या बेतात होती. न्हाणीबाहेर शेगडीवर वेखंड-ओव्याची धुरी तयारच होती.

सोबत आलेल्या फिजिओबाईंनी तिला थांबवलं ते कसं, हे महत्त्वाचं. “नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आज्जी, आणि ही फुप्फुसं अजून कच्ची आहेत. धूर तर नकोच. उलटं धरू नका. पण हे हात छातीवर आणताय ना, ते रोज करा, दोनदा करा.” म्हातारी फणकारली, “आमी काय पोरं वाढीवली न्हाईत व्हय?” उत्तर आलं, “वाढवलीत की! म्हणून तर सुनेला सोडून तुम्हाला सांगतेय.” पाच मिनिटांत जे घडलं ते ना ‘परंपरा महान’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात बसतं, ना ‘परंपरा मूर्ख’ म्हणणाऱ्यांच्या. त्या न्हाणीतलं निम्मं ठेवायचं होतं, निम्मं टाकायचं होतं, आणि कुठलं निम्मं हे सांगायला तिथे कुणीतरी शिकलेलं माणूस हजर असावं लागत होतं. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना एक विचारतो: पांगुळगाडा ही आपलीच चीज ना? त्याच्यामागे मूल स्वतः उभं राहून तो ढकलायचं. मग त्याच घरांत आज मुलाला आत बसवून पाय लोंबते ठेवणारा प्लास्टिकचा वॉकर कुठून आला? कॅनडाने तो २००४ मध्ये विकायलाच बंदी केली. आपण बारशाला भेट देतो.

राहिला तिसरा गट, ‘आपोआप होईल’वाला. याचा युक्तिवाद सगळ्यांत मजबूत आहे, आणि वादात त्याला कुणी उत्तरच देत नाही म्हणून मी जास्त जागा त्याला देतोय. कमी दिवसांच्या बाळांच्या विकासासाठी रुग्णालयातून घरी गेल्यावर दिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांचा कॉक्रेन आढावा, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा, २०१५ साली निघाला. २५ अभ्यास, ३,६०० हून अधिक बाळं. निष्कर्ष काय? बौद्धिक विकासावर फायदा दिसतो, तो शाळापूर्व वयापर्यंत टिकतो, शाळेच्या वयात ओसरतो. हालचालींवरचा फायदा मात्र लहान, आणि तोही तान्हेपणापुरता. म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या हातापायांच्या विकासातच हाती फारसं लागत नाही. मग गरीब राज्याने यावर पैसा का घालावा?

याला उत्तर आहे, पण ते आकडा लपवून देता येत नाही. एक तर त्या अभ्यासांत नाना तऱ्हांचे कार्यक्रम एका पोत्यात भरलेत. काहींत थेरपिस्ट बाळाचे हातपाय हलवत होता आणि बाळ नुसतं हलवून घेत होतं. काहींत भर होता आईच्या समजुतीवर. अलीकडच्या संशोधनाचा कल स्पष्ट आहे: दुसऱ्याने करून दिलेल्या हालचालीपेक्षा बाळाने स्वतः केलेल्या धडपडीतून मेंदू शिकतो. खेळणं हातात कोंबण्याऐवजी वीतभर लांब ठेवलं, तर तो व्यायाम. दुसरं, सरासरी फसवी असते. शंभर कमी दिवसांच्या बाळांतली बहुसंख्य तशीही नीट चालणारच होती. त्यांच्यावर कार्यक्रमाचा परिणाम दिसणार कसा? ज्या थोड्यांचं पुढे बिघडणार होतं ती कोणती, हे वेळेत कळणं हाच लक्ष ठेवण्याचा मोठा फायदा, आणि तो सरासरीच्या खाली दबून जातो. पूर्वी सेरेब्रल पाल्सीचं निदान दीड-दोन वर्षांनी व्हायचं. आता सुधारित वयाच्या सहा महिन्यांच्या आतही ते होऊ शकतं, हे २०१७ पासून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मांडताहेत. मेंदू सर्वांत जास्त घडतो त्या वर्ष-दीड वर्षाची राखण ‘आपोआप होईल’ म्हणत गमवायची?

आणि तिसरं उत्तर आपल्या घरचं आहे, पण इथे कुणी ते उच्चारत नाही. जन्मतः श्वास कोंडलेल्या बाळांवर भारत, पाकिस्तान आणि झांबियात एक मोठा अभ्यास झाला. भारतातली बाजू सांभाळली ती बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी. पद्धत अशी: प्रशिक्षित व्यक्ती दर पंधरवड्याला घरी जाणार, आईला बाळाशी खेळायचे, बोलायचे, त्याला हालतं ठेवायचे साधे उपक्रम शिकवणार, आई ते रोजच्या कामात करणार. तीन वर्षं. २०१३ साली निकाल छापून आला: तिसऱ्या वर्षी या मुलांचा बौद्धिक विकास तुलनेच्या गटापेक्षा सरस होता. ही बाळं कमी दिवसांची म्हणून निवडली नव्हती, हे मान्य. पण खेड्यातली, कमी शिकलेली आई शिकवल्यावर हे करू शकते का, या प्रश्नाचं उत्तर तर मिळालं! टब नव्हता, हौद नव्हता, गळ्यात कडंही नव्हतं.

‘आईवर आणखी किती ओझं टाकणार?’ असं काही बायका विचारतात, आणि ते बरोबर आहे. निपाणीत हजार विड्यांमागे मजुरी घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला दिवसाला तासभर ‘थेरपी’ करायला सांगणं ही क्रूरताच. म्हणून तर वेगळा तास नकोच. पाजताना बाळाचे दोन्ही हात मधोमध आणणं, उचलताना सरळ वर न ओढता कुशीवर वळवून उचलणं, लंगोट बदलताना पाय पोटाशी नेणं. ही कामं ती करतेच आहे, फक्त कशी करायची ते बदलायचं. आणि आईच का? सासरा रिकामा पारावर बसलेला असतो, बाप रात्री मोबाइल बघत असतो. छातीवर बाळ पालथं घालून पडून राहायला काय कौशल्य लागतं!

मग हौदाला विरोध का? कारण चांगला उपचार भोवतीच्या व्यवस्थेशिवाय गावात आणून ठेवला तर काय होतं, याचा धडाही बेळगावनेच जगाला दिलाय. वेळेआधी प्रसूती होणार असं वाटलं की आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात. मोठ्या रुग्णालयांत हे सिद्ध झालेलं. ते खेडोपाडी पोचवलं तर हजारो बाळं वाचतील, या आशेने सहा देशांत सुमारे एक लाख प्रसूतींवर प्रयोग झाला. त्यात बेळगाव आणि नागपूर होतं. २०१५ साली निकाल आला तेव्हा सगळे हादरले. लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू तर वाढले. औषध तेच होतं. दिवसांचा अचूक हिशेब, पुढची काळजी, जंतुसंसर्गावर लक्ष या गोष्टी सोबत नव्हत्या. पुढे चांगली सोय असलेल्या रुग्णालयांत, भारतासकट पाच देशांत, पुन्हा तपासलं तर बाळं वाचली. आता सांगा, पाण्याचं तापमान सांभाळणारा, क्लोरिन तपासणारा, आणि मुळात एकेका बाळामागे एकेक प्रशिक्षित थेरपिस्ट नसताना जिल्हा रुग्णालयात हौद बांधला तर काय होईल? फीत कापली जाईल, फोटो येतील, पंप बिघडेल.

‘म्हणजे श्रीमंतांना स्पा आणि गरिबाला आशाताई’ असा टोमणा ठरलेला. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियात बोगोटाच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा एडगर रे या डॉक्टरने बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधली. गरिबांचा तोडगा म्हणून जगाने नाक मुरडलं. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात, जन्मताच ही कांगारू पद्धत सुरू केली तर मृत्यू पाव हिश्श्याने घटतात असं दिसलं, इतकं ठळक की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आज जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस गरीब-श्रीमंत सगळ्या देशांना एकच आहे.

आता सीमेचा विषय, पण जरा वेगळ्या अंगाने. आपल्याकडे रोटी-बेटी व्यवहाराने सीमा कधी मानलीच नाही. चंदगड-गडहिंग्लजची लेक बेळगाव-खानापुरात, इथली लेक कोल्हापूरकडे. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे बाळ काचेत राहतं एका राज्यात, आणि तिसऱ्या-पाचव्या महिन्यात पाळणा जातो दुसऱ्या राज्यात. नेमक्या याच दिवसांत, सुधारित वयाच्या तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान, बाळाच्या बारीक चुळबुळीवरून पुढचा धोका ओळखता येतो. आणि नेमकं याच वेळी त्याचं नाव एका आशाताईच्या वहीतून गळतं आणि दुसरीच्या वहीत चढत नाही. कर्नाटकाचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्यांची नोंद, कन्नडमध्ये, महाराष्ट्राचं मराठीत. पुढच्या तपासणीची तारीख दोन्हीकडे हाताने लिहिलेली. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य विमा योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने आक्षेप घेतला, दोन्हीकडचे पुढारी चार दिवस गरजले. अशा विम्यांचा भर दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर. अथणीहून बेळगावला दर महिन्याला बाळ दाखवायला आणणाऱ्या बाईचा मोडलेला दिवस आणि बसभाडं यांत कुठे बसतं, हे त्या गर्जनेत कुणी विचारलं का?

केंद्राच्या २०१३ च्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात प्रत्येक जिल्ह्याला एक शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करायची जागा, धरलंय. २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांवर लोकसंख्या असलेल्या बेळगाव जिल्ह्याला एक केंद्र म्हणजे काय होतं, हे गणित ज्याने त्याने करावं. तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्याचा एक ठरलेला दिवस फिजिओथेरपिस्ट बसला आणि आशाताईंना पालथं घालणं, कुशीवर वळवणं, धोक्याच्या पाच-सहा खुणा मराठी-कन्नड दोन्हींत हाताने करून दाखवल्या, तर सुरुवात होते. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी जातातच. २०१८ पासून तसा नियम आहे.

आणि दूरच्या तज्ज्ञाचं काय, असं विचाराल तर कर्नाटकानेच ते करून दाखवलंय. कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी २००८ पासून ‘किडरॉप’ चालू आहे: तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्या-जिल्ह्यांच्या नवजात कक्षांत जातात, डोळ्याचे फोटो काढतात, आणि बंगळूरुतले डॉक्टर ते वाचतात. चुळबुळ तपासायला तर तो महागडा कॅमेराही नको. बाळ जागं, शांत, उताणं, अंगावर मोजके कपडे, हातात खेळणं नाही, तोंडात चोखणी नाही. तीन-चार मिनिटांचा मोबाइलवरचा व्हिडिओ प्रशिक्षित डोळ्यांना पुरतो, मग ते डोळे बेळगावचे असोत की कोल्हापूरचे. जांबोटीच्या पुढे पावसाळ्यात नेटवर्क नसतं हे मला ठाऊक आहे. आशाताई बैठकीला खानापुरात उतरेल तेव्हा तो पाठवेल. चुळबुळ बघायला आठेक आठवड्यांची मुदत असते, चार दिवसांनी काही बिघडत नाही.